वाचकांचे प्रश्न : उंच माड आणि लांब दांड्याची करवत

गेल्या दोन महिन्यांत सीमाभागातून आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे एकाच विषयाची आहेत, म्हणून यावेळी ती एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : खानापूर तालुक्यातील आमच्या परसात वडिलांनी लावलेले अकरा माड आहेत. त्यांपैकी चार जुने, चाळीस-पंचेचाळीस फुटांचे असून बाकीचे सात ठेंगणे आहेत. वर्षातून दोनदा येऊन माड साफ करून देणारे गृहस्थ आता वयोमानामुळे चढत नाहीत. बेळगावातील एका दुकानदाराने ३० फुटांपर्यंत लांब होणारी ॲल्युमिनियमची करवत दाखवली, तर दुसऱ्याने पेट्रोलवर चालणारी साखळीची करवत घ्या असे सुचवले. परसाच्या एका कडेने ११ केव्हीची वीजवाहिनी जाते. यांपैकी काय घ्यावे?

उत्तर : आपण पत्राच्या शेवटी उल्लेखलेल्या वीजवाहिनीपासूनच सुरुवात करावी लागेल. ॲल्युमिनियम विजेचे उत्तम वाहक आहे आणि ३० फुटांचा दांडा एकदा कलू लागला की तो दोन हातांनी सावरत नाही. तो ज्या दिशेला कलतो त्या दिशेलाच जातो. म्हणून वाहिनीच्या बाजूच्या माडांसाठी धातूचा दांडा हातात घेऊच नये. फायबर ग्लासचा दांडा विजेला अटकाव करतो खरा, पण तो कोरडा आणि स्वच्छ असेल तोवरच. ओला बांबूही भरवशाचा नाही. झावळी स्वतःच पंधरा-अठरा फूट लांब असते आणि ती तारेवर पडली तर हातातला दांडा कशाचा आहे याला फारसा अर्थ उरत नाही. दांडा, करवत आणि पडणारी झावळी यांपैकी काहीही तारेपासून किमान तीन मीटरच्या आत येण्याची शक्यता असेल, तर हेस्कॉम या वीज कंपनीच्या स्थानिक शाखेत अर्ज देऊन वीजपुरवठा बंद करवून घ्यावा आणि मगच काम करावे. कर्मचारी वीज बंद केल्याचे स्वतः सांगेपर्यंत थांबावे. घरातला पंखा थांबला म्हणजे वाहिनी मेली असे समजू नये.

आता लांबीचा प्रश्न. दुकानात दांड्याची जी लांबी सांगतात ती पूर्ण उघडलेल्या दांड्याची असते, आणि गिऱ्हाईक ती लांबी थेट माडाच्या उंचीशी ताडून पाहते. वास्तविक दांडा सरळ उभा धरून कापताच येत नाही, कारण मग आपण नेमके झावळीखाली उभे असतो. तो तिरपाच धरावा लागतो. १५ फुटांच्या दांड्याचे खालचे टोक कमरेपाशी, म्हणजे जमिनीपासून सुमारे तीन फुटांवर धरून तो साधारण ६५ अंशांत उभा केला, तर करवत सोळा-सतरा फुटांवर पोहोचते. ठेंगण्या माडांसाठी एवढे बहुधा पुरते. मोजायचे ते झाडाच्या शेंड्यापर्यंत नव्हे, तर सर्वांत खालची सुकी झावळी खोडाला जिथे चिकटलेली आहे तिथपर्यंत. १० फुटांचा वेळू खोडाला उभा टेकवावा आणि पंचवीस-तीस पावले मागे जाऊन पाहावे, म्हणजे नजरेनेच पुरेसा अचूक अंदाज येतो. आपले सातही ठेंगणे माड या मापात बसत असतील, तर १४ ते १६ फुटांचा दांडा घ्यावा, त्याहून लांब घेऊ नये.

३० फुटांच्या दांड्याविषयी माझे मत प्रतिकूल आहे. करवत कापते ती मागेपुढे ओढल्याने. पण दांडा इतका लांब झाला की आपण खालून दिलेला ओढा वरपर्यंत पोहोचण्याआधीच दांड्याच्या लवचिकपणात विरून जातो, वर करवत नुसती डुलत राहते, आणि पंधरा मिनिटांत मान व खांदे भरून येतात. चाळीस फुटांवरच्या झावळ्या अशा दांड्याने निघतील असे जो सांगतो त्याने तो दांडा उभा करून पाहिलेला नाही. आपल्या चार जुन्या माडांसाठी माणूसच चढवावा. नारळ विकास मंडळाने २०११पासून चढण्याच्या यंत्रावर तरुणांना प्रशिक्षण देण्याचा कार्यक्रम राबवला आहे आणि अशी प्रशिक्षित माणसे किनारपट्टीच्या भागात मिळतात. माडावर चढून नारळ पाडणाऱ्या ज्या माणसांना गोव्याकडे पाडेली म्हणतात त्यांपैकीही कोणी ठरवून बोलावले तर घाट चढून येतो. एका दिवसाची मजुरी जास्त वाटली तरी चार माडांसाठी ती वर्षातून एक-दोनदाच द्यायची आहे.

पेट्रोलची साखळी करवत मी आपल्याला सुचवणार नाही. दांड्यासकट तिचे वजन सात-आठ किलो भरते, आणि नारळाच्या झावळीचा देठ म्हणजे आंब्या-फणसाचे लाकूड नव्हे. तो लांब, ओल्या तंतूंचा जुडगा असतो. हे तंतू साखळीभोवती गुंडाळले जातात, चाकावरच्या झाकणाखाली ओल्या काथ्यासारखे ठासून बसतात, आणि दर तीन-चार झावळ्यांनंतर यंत्र खाली घेऊन, बंद करून, झाकण काढून ते उपसत बसावे लागते. बॅटरीवरच्या हलक्या यंत्राचीही हीच गत होते, शिवाय त्याचा दांडा पुष्कळदा आठ-दहा फुटांपलीकडे जात नाही. बागायतीतली मोठी झाडे रोज छाटण्याचे ज्यांचे काम आहे त्यांना ही यंत्रे परवडतात.

हाताने ओढायच्या करवतीत मात्र निवड नीट करावी. पाते वाकडे, विळ्यासारख्या बाकाचे आणि सुमारे १३ ते १५ इंचांचे असावे. दाते मोठे, एका इंचाला पाच-सहा एवढेच असावेत, म्हणजे ओला भुसा दातांत अडकत नाही. आणि ते मागे ओढताना कापणारे असावेत, कारण लांब दांडा पुढे ढकलून जोर लावता येत नाही, ओढून मात्र शरीराचे वजन वापरता येते. पात्याच्या बुडाशी एक बाहेर आलेला आकडा असला तर फार उपयोग होतो, कारण कापलेली झावळी पुष्कळदा खाली न पडता दुसऱ्या झावळ्यांत अडकून राहते आणि ती याच आकड्याने ओढून काढावी लागते.

दांड्याचे जोड हा या वस्तूतला सर्वांत कच्चा भाग. पिळून घट्ट करायचे जोड नवे असताना छान वाटतात. माझ्याकडे असा एक दांडा होता. दुसऱ्याच उन्हाळ्यात करवत ओढली की वरची नळी स्वतःभोवती फिरायची, पाते आडवे व्हायचे आणि मी खाली उभा राहून त्याच्याशी हुज्जत घालायचो. त्यामुळे आता मी भोकातून बाहेर येणाऱ्या स्प्रिंगच्या खटक्याचा किंवा दाबून बसवायच्या पट्टीचा जोड पाहतो, आणि नळी गोल असण्यापेक्षा लंबगोल असेल तर उत्तम, कारण ती आतल्या आत फिरू शकत नाही. दुकानात करवत बसवून, दांडा पूर्ण उघडून, दुकानाबाहेरच्या मोकळ्या जागेत वर तारा नाहीत याची खात्री करून तो दोन मिनिटे तिरपा धरून पाहावा. दुकानदाराला हे आवडणार नाही, पण दोन मिनिटांत जे हात थरथरू लागतात ते तासभर काम कसे करणार, याचे उत्तर तिथेच मिळते.

आपल्याकडे आणखी एक पर्याय आहे जो मला मनापासून आवडतो. खानापूरच्या जंगलपट्ट्यात आणि कोकणात माणगा किंवा मेस म्हणतात तो जवळजवळ भरीव बांबू मिळतो. तो सावलीत नीट वाळवला की ताठ राहतो, आणि बारा-चौदा फुटांपर्यंत ॲल्युमिनियमपेक्षा कमी लवतो. केवळ पाते विकत घ्यावे आणि बेळगावच्या उद्यमबागेतील एखाद्या कारागिराकडून पात्यासाठी पोलादी खोबणी करून ती दोन आरपार बोल्टांनी बांबूत बसवावी. कोयता तारेने गुंडाळून बांधण्याची जी जुनी रीत आहे ती मात्र सोडून द्यावी. तार सैल झाली की कोयता कोणाच्या खांद्यावर उतरेल हे सांगता येत नाही.

काय कापायचे याविषयी आपण विचारलेले नाही, पण त्याखेरीज हे उत्तर अपुरे राहील. पूर्ण वाढलेल्या निरोगी माडावर तीस-पस्तीस झावळ्या असतात आणि साधारण महिन्याला एक नवी झावळी येते, म्हणजे वर्षाला बारा-चौदाच सुकून खाली यायच्या. हात लावायचा तो त्यांनाच. पालाश कमी पडला की माड जुन्या झावळ्यांतून तो काढून नव्या झावळ्यांना देतो; त्यामुळे पिवळी पडत चाललेली झावळीही अजून उपयोगाची असते. एकदल वर्गातले हे झाड असल्याने त्याच्या खोडावर झालेली जखम साल वाढून भरून येत नाही, आणि तिथूनच खोडातून तांबूस चीक गळण्याचा बुरशीचा रोग शिरतो. म्हणून पाते खोडाला टेकवून देठ साफ उडवण्याचा मोह टाळावा. हिरवी झावळी एखाद्या कारणाने काढावीच लागली, तर खोडापासून १२० सेंटीमीटर देठ राखून कापावी अशी शिफारस आहे. ओल्या जखमेच्या वासावर येणारा सोंड्या भुंगा अंडी घालतो ती त्या देठात, आणि अळी पोखरत खोडापर्यंत पोहोचण्याआधी देठ सुकून जातो. शेंड्यावरचा कोंब तर चुकूनही दुखवू नये. माडाला वाढीचे एकच टोक असते. ते गेले की झाड गेले.

काम फेब्रुवारी ते मे या काळात, कोरड्या सकाळी करावे. आधी दुरून शेंडा नीट न्याहाळावा, कारण सुक्या झावळ्यांच्या बेचक्यात गांधीलमाशांची पोळी हमखास असतात. झावळी देठाच्या वरच्या बाजूने कापावी, डोक्यावर हेल्मेट आणि डोळ्यांवर चष्मा असावा, आणि देठ कडकडू लागला की दांडा सोडून बाजूला व्हावे. दहा-बारा किलोंची झावळी कधी सरळ पडते, तर कधी दांड्यावरून घसरत थेट हातांच्या दिशेने येते.

प्रश्न : कारवारजवळ आमची पोफळीची बाग आहे. सुपारीचे घड उतरवण्यासाठी कार्बन फायबरची लांब दोटी, म्हणजे टोकाला विळा लावलेला दांडा, घेतली आहे. तिच्याच टोकाला करवत लावून माडाच्या झावळ्या काढता येतील का?

उत्तर : काढू नयेत. सुपारीचा घड विळ्याच्या एका झटक्याने तुटतो, त्यामुळे दोटीवर ताण येतो तो क्षणभराचाच. करवतीचे ओढणे हा प्रत्येक जोडावर पडणारा सततचा पीळ असतो आणि कार्बनची नळी वाकून इशारा देत नाही, तडकते. दुसरे असे की ती हलकी, काळी आणि प्लास्टिकसारखी दिसत असली तरी कार्बन फायबर वीज वाहून नेते. ही गोष्ट दोटी वापरणाऱ्या प्रत्येक मजुराला त्याच्या भाषेत, कानडीत किंवा कोकणीत, स्पष्ट सांगून ठेवावी. माडावरची पूर्ण वाळून लोंबणारी झावळी दोटीच्या आकड्याने ओढून निघत असेल तर अवश्य काढा, तिथे करवतीची गरजच नाही.

प्रश्न : टिळकवाडीत आमच्या बंगल्यापुढे चार रॉयल पाम आहेत. शेजारी म्हणतात की दर सहा महिन्यांनी झावळ्या कापल्या नाहीत तर झाड खराब दिसते. त्यासाठी करवत घ्यावी का?

उत्तर : पैसे वाचवावेत. रॉयल पामच्या झावळीचे बूड खोडाभोवती हिरव्या नळीसारखे गुंडाळलेले असते आणि झावळी वाळली की ते आपोआप सुटते, पोफळीचेही तसेच. वेळेआधी करवत चालवली तर ती हिरवी नळी चिरते आणि आतले कोवळे भाग उघडे पडतात. या झाडांखाली मोटार उभी करू नये आणि मुलांचा झोपाळा बांधू नये, कारण मोठ्या रॉयल पामची झावळी पडते तेव्हा तिचे वजन जाणवण्याजोगे असते. एखादी वाळलेली झावळी अर्धवट लोंबून राहिली, तर साध्या बांबूच्या आकडीने ती खाली ओढता येईल.