दिरहम कुठून घ्यायचे, किती घ्यायचे?

प्रश्न: ताई, नमस्कार. लेक शारजाला असते, तिच्या बाळंतपणाला मी आणि आमचे हे दोन महिन्यांसाठी चाललोय, दोघंही पहिल्यांदाच देशाबाहेर. आमच्या बँकेत दिरहम मागायला गेले तर म्हणाले इथे नसतात, मोठ्या ब्रांचला जा. शेजारचे म्हणतात सरळ डॉलर न्या. आणि एक ओळखीचा माणूस बिलाशिवाय स्वस्तात देतो म्हणतो. काय करू?
– एक वाचक, त्रिमूर्तीनगर, नागपूर

उत्तर: काकू, आधी अभिनंदन, आजी होताय!

बँकेनं टाळलं असं मनात आणू नका. सगळ्याच ब्रांचमध्ये परदेशी नोटा ठेवत नाहीत, आधी सांगितलं की मागवून देतात आणि त्यात दोन-चार दिवस जातात. म्हणून निघायच्या आठ-दहा दिवस आधीच सीताबर्डी, सदरकडच्या मोठ्या ब्रांचमध्ये विचारा, सोबत रिझर्व्ह बँकेचं लायसन्स असलेल्या एखाद्या मनी चेंजरलाही फोन करा. एअरपोर्टवर बघू म्हणून थांबू नका, तिथला रेट सहसा महागच पडतो.

आणि "कमिशन किती" असं विचारूच नका हो, कारण झिरो कमिशन म्हणणारे रेटमध्येच काढून घेतात. विचारायचं असं – दीड हजार दिरहम माझ्या हातात पडायला सगळं धरून किती रुपये द्यायचे? समजा मोबाईलवर रेट 24 दिसतोय आणि काउंटरवाला 25.20 सांगतोय, तर दीड हजारावर 1,800 रुपये तिथेच गेले, बिलावर कमिशन शून्य असलं तरी. जीएसटी मात्र किरकोळ असतो, 37,800 रुपयांच्या खरेदीवर 68 रुपयांच्या आसपास. दोन-तीन ठिकाणचा असा एकूण आकडा वहीत लिहा, मग ठरवा.

डॉलरचं म्हणाल तर तुम्हाला त्याची काहीच गरज नाही. तिकडे 1997 पासून 1 डॉलर म्हणजे 3.6725 दिरहम हा भाव बांधलेला आहे, त्यामुळे डॉलर नेऊन वर काही मिळणार नाही, उलट रुपयाचे डॉलर करताना एकदा कट आणि डॉलरचे दिरहम करताना परत एकदा.

त्या ओळखीच्या माणसाला मात्र नाहीच म्हणा, कितीही जवळचा असो. लायसन्स नसलेल्याकडून परकीय चलन घेणं फेमा कायद्यात बसत नाही, आणि एखादी नोट खोटी निघाली तर तुम्ही शारजात, तो इथे, हातात कागद नाही. मला खरंच काळजी वाटते याची.

पासपोर्ट, पॅन, व्हिसा आणि तिकिटाच्या झेरॉक्स घेऊन जा, ए-टू फॉर्म, म्हणजे परकीय चलन घेण्याचा अर्ज, तिथे भरून घेतात. 50 हजाराच्या वरची खरेदी असेल तर रोख चालत नाही, चेक किंवा खात्यातूनच द्यावे लागतात.

किती न्यायचे? राहणं-जेवण लेकीकडेच, तर दोघांत दीड हजार दिरहम कॅश पुरे, बाकीचे फॉरेक्स कार्डवर टाका, म्हणजे आधीच परकीय चलन भरून तिकडे वापरायचं कार्ड. नोटा घेताना 10, 20, 50 च्या आवर्जून मागा, नाहीतर 500 च्या तीन हातात ठेवतात आणि उतरल्या-उतरल्या टॅक्सीवाल्यासमोर सुट्ट्यासाठी अडचण होते.

एक अजून, आमच्या घरात झालेलं सांगते. मागे सिंगापूरला यांनी आपलं इथलं बँकेचं कार्ड दिलं, मशीनवर विचारलं रुपयात की तिथल्या डॉलरमध्ये, यांनी रुपये दाबलं, आपलेच पैसे म्हणून, आणि घरी येऊन स्टेटमेंट बघितलं तर भलत्याच रेटनं कापले होते. तर तिकडे कार्ड वापरताना स्क्रीनवर काहीही येऊ द्या, दिरहमच निवडायचं.

परत येताना थोडे दिरहम उरले तर घाई नाही, 2,000 डॉलरच्या किमतीपर्यंतच्या नोटा जवळ ठेवता येतात, त्यावरचे आल्यापासून 180 दिवसांत परत विकायचे. बिल तेवढं सांभाळून ठेवा, पासपोर्टच्या कव्हरमध्येच.