शाल नंतर, आधी हजेरीपट

१ मेच्या सत्कारासाठी तू विभागवार नावं मागवलीस आणि यादीत एकही कंत्राटी कामगार आला नाही. मग तूच जाऊन कॅन्टीनमधल्या बाईंना बोलावलंस, तर त्या म्हणाल्या, "शाल राहू द्या, पगारचिठ्ठी मिळवून द्या." तुला ते लागलं. मला मात्र पत्र वाचून बरं वाटलं. बाईंनी मागितलं ते आपल्या चळवळीचं सगळ्यात जुनं मागणं आहे, आणि आपणच ते विसरलोय.

सप्टेंबर १८८४. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि फॅक्टरी कमिशनला द्यायच्या अर्जावर साडेपाच हजारांच्या आसपास सह्या-अंगठे घेतले. त्या अर्जातली भाषा बघ. रविवारी सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम. मागच्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत. कामावर जायबंदी झाल्यास भरपाई. वार, तास, तारीख, रक्कम; सगळं मोजता येण्याजोगं, कागदावर उतरवता येण्याजोगं. रविवार १८९० मध्ये मिळाला. पगाराच्या तारखेला कायद्याचा आधार मिळायला १९३६ उजाडलं: हजारापेक्षा कमी माणसं असतील तर ७ तारीख, जास्त असतील तर १०. अर्जापासून कायद्यापर्यंत ५२ वर्षं गेली. 'राष्ट्रउभारणीत कामगारांचे योगदान' या विषयावर तुला भाषण हवं होतं ना? हे सांग, आणि खाली बस. बाकीचा वेळ मस्टर तपासायला लागणार आहे.

एकच गोष्ट सांगतो, आणि पत्र संपेपर्यंत तीच सांगत राहीन: नाव कागदावर आण. ज्याचं नाव योग्य कागदावर नाही, त्याचा सत्कार म्हणजे फोटोपुरती माया.

आता काम. तुमच्याकडे ठेकेदाराची किती माणसं आहेत, हे कोणालाच नक्की सांगता आलं नाही, असं तू लिहिलंस. मग पहिला आठवडा त्यातच घालव. गेटवरची नोंद, ठेकेदाराचा हजेरीपट आणि पगाराची बँकेतली जमा, हे तीन आकडे एका माणसासाठी एकाच महिन्याचे शेजारी शेजारी लिही. गेटवर २६ दिवस, हजेरीपटावर १४, असं दिसलं की दचकू नकोस. ही नेहमीची तऱ्हा आहे. वरचे १२ दिवस रोखीने देतात. पैसे मिळतात म्हणून कामगार गप्प राहतो, पण त्या १२ दिवसांवर भविष्यनिर्वाह फंड (पीएफ) नाही, बोनस नाही, आणि वर्षाला २४० दिवस भरल्याचा पुरावा नाही. सलग सेवा धरताना २४० च मोजतात. वाद लागला तर कोर्ट माणसाचे हात बघत नाही, हजेरीपट बघतं.

फंडाची रक्कम पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायची असते, म्हणून पासबुक २५ नंतर उघड. कामगाराचे १२ टक्के कापले जातात. मालकाच्या १२ पैकी ८.३३ पेन्शनकडे जातात (१५,००० च्या मर्यादेत) आणि उरलेले खात्यात. तिथे तीन गोष्टी पाहा. पहिली, पगार म्हणून कोणती रक्कम धरली आहे. भत्त्यांत पगार फोडून मूळ वेतन मुद्दाम खाली ठेवायची जुनी खोड आहे. दुसरी, ठेकेदाराने फंड कार्यालयाला पाठवलेल्या मासिक चलनातला 'एनसीपी डेज' नावाचा रकाना. ते बिनहजेरीचे दिवस. माणूस कामावर असताना तिथे १२ लिहिले असतील, तर चोरी सापडली. तिसरी, यूएएन, म्हणजे कामगाराचे फंड क्रमांक, किती आहेत; एकाला एकच हवा. ठेकेदार बदलला की नवा यूएएन काढतात, जुन्या नोकरीची सोडल्याची तारीख टाकत नाहीत, आणि पेन्शनला लागणारी दहा वर्षं तीन तुकड्यांत विखुरतात. शेवटची वर्गणी जमा होऊन दोन महिने झाले की ती तारीख कामगाराला स्वतः पोर्टलवर टाकता येते. हे दहातल्या एकालाही कोणी सांगितलेलं नसतं. आधारवर 'सुनीता' आणि फंडात 'सुनिता' असेल तरी दावा अडतो. हसू नकोस, एका वेलांटीवर म्हातारपण अडकतं.

विम्याचं तसंच. ईएसआयला, म्हणजे कामगार राज्य विम्याला, कामगाराचे पाऊण टक्का आणि मालकाचे सव्वातीन टक्के, पगाराची मर्यादा २१,०००. कामावर जखमी झालेल्याला तात्पुरत्या अपंगत्वाच्या काळात सरासरी रोजाच्या ९० टक्के मिळतात, पण बोट प्रेसमध्ये गेल्यावर धावतपळत नोंद करायला निघालेल्या ठेकेदाराकडून काय होणार? म्हणून प्रत्येकाचा विमा क्रमांक आजच लिहून घे. आणि अपघात झाला तर त्याच पाळीत अपघात-नोंदवहीत वेळ, मशीन आणि साक्षीदार उतरवून घे. "आधी दवाखाना, वही नंतर" असं सुपरवायझर म्हणेल. दवाखान्यात एक जण जाईल, वहीपाशी दुसरा. दोघांची पाळी आधीच ठरवून ठेव.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि २९ जुने कायदे त्यात गेले. त्यावर चळवळीत मतभेद आहेत, माझेही आक्षेप आहेत, पण नियुक्तिपत्र सक्तीचं झालंय ते आधी पदरात पाडून घे. नोकरी सुटली तर दोन कामाच्या दिवसांत हिशोब मिळायला हवा, तेही सांग. मात्र एक गल्लत करू नकोस. ठरावीक मुदतीवर नेमलेल्या कामगाराला वर्षभरानंतर ग्रॅच्युइटी, हे खरं. पण मुदतीवरचा म्हणजे थेट कंपनीच्या पटावरचा. ठेकेदाराचा माणूस आपोआप त्यात बसत नाही. त्याला "तुलाही मिळेल" असं सांगून मोकळी झालीस, तर वर्षाने तो तुलाच शोधत येईल.

ठेकेदाराने पगार थकवला तर मुख्य मालकाला तो द्यावा लागतो, हे जुन्या कायद्यातही होतं, नव्यातही आहे. पण कोणाचा, किती दिवसांचा, कोणत्या दराने? पुन्हा कागदच.

आमच्या पिढीवर तुझा जो राग आहे, त्याचं उत्तर टाळत नाही. करार झाले, वाढ मिळाली, गेटवर गुलाल उडाला, आणि त्याच वर्षांत साफसफाई, कॅन्टीन, लोडिंग एकेक करून ठेक्यावर गेलं. आम्ही कायम माणसांच्या नोकऱ्या धरून बसलो. तेव्हा कारखाने बंद पडत होते, हातात होतं ते वाचवणं भाग होतं, असं आजही मला वाटतं. पण ठेक्यावर गेलेल्या माणसाचं नाव निदान आपल्या वहीत लिहायला कोणी अडवलं नव्हतं. तेही केलं नाही. घोषणा तोंडपाठ राहिल्या, दप्तराला वाळवी लागली.

ही चूक महाग कशी पडते ते पुस्तकी वाटेल, तरी ऐक. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईत कामगार नेते दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला, दोन लाखांहून जास्त कामगार बाहेर पडले. मागण्यांत पगारवाढ होती, बदली कामगारांना कायम करणं होतं, आणि १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा रद्द करणंही होतं. कारण त्या कायद्याने बोलणी करायचा हक्क नोंदलेल्या एकाच प्रातिनिधिक युनियनला दिला होता. माणसं सामंतांकडे, नोंद दुसऱ्याच युनियनकडे. संप फसण्याची कारणं पुष्कळ आहेत, त्यावर रात्रभर भांडू. पण हे त्यातलं एक आहे. आणि आता नवी संहिता म्हणते की आस्थापनेच्या मस्टर रोलवरच्या ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असेल ती युनियन बोलणी करेल. मस्टर रोलवरच्या! निम्मं उत्पादन ज्यांच्या हातून निघतं ते त्या मोजणीत कुठे असतील, ते तूच मला सांग. सत्काराच्या यादीत ते आले नाहीत, त्याच कारणाने तिथेही येणार नाहीत.

हे जमत नाही, असं म्हणू नकोस. हमाल आज या व्यापाऱ्याकडे, उद्या त्या. त्याचा मालक कोण, हेच सांगता येत नसे. अण्णासाहेब पाटलांनी माथाडींची चळवळ उभी केली आणि १९६९ मध्ये राज्याने माथाडी कायदा केला. त्याने मालक शोधत बसायचंच सोडलं. मंडळ नेमलं. व्यापाऱ्याने तिथे नोंदायचं, कामगाराने नोंदायचं, टोळीला क्रमांक. मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही, म्हणजे मजुरीवर टक्केवारीने लागणारी जादा रक्कम, व्यापाऱ्याने मंडळात भरायची. मंडळ मजुरी कामगाराला देणार आणि लेव्हीतून फंड, ग्रॅच्युइटी, बोनस, रजा, औषधपाणी चालवणार. बिघडतं कुठे? व्यापारी लेव्ही चुकवायला मजुरी थेट हातात ठेवतो आणि टोळीला त्या दिवशी ते सोयीचं वाटतं. बनावट टोळ्या आणि खंडणीखोर युनियनांनी नावही खराब केलं. तरीही डोक्यावर पोतं वाहणाऱ्याला ग्रॅच्युइटी मिळाली, ती त्याचं नाव वहीत आलं म्हणून.

उलटं उदाहरण ऊसतोडीचं. तिथे नवरा-बायको मिळून 'एक कोयता'. उचल कोयत्याला, हिशोब टनाला, व्यवहार मुकादम आणि नवऱ्यात. मोळी बाई बांधते, डोक्यावरून गाडीपर्यंत बाईच नेते, आणि वहीत ती अर्धा कोयता. त्या बाईला मंचावर बोलावून साडी देणारे पुष्कळ आहेत.

आणि तू विचारलंस, देशाच्या विकासाशी या दप्तराचा संबंध काय. तुझ्या पगारपत्रकात दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापले जातात बघ, व्यवसाय कर म्हणून. १९७५ मध्ये महाराष्ट्राने तो आणला तो रोजगार हमीला पैसा उभा करण्यासाठी. शहरातल्या पगारदाराच्या पट्टीतून दुष्काळी भागातल्या मजुराची हजेरी भरली, आणि पुढे २००५ च्या देशव्यापी कायद्याला इथलाच अनुभव कामी आला. फंडातल्या पैशाचा मोठा भाग सरकारी रोख्यांत असतो. म्हणजे पाळी संपवून बस पकडणारा माणूस सरकारला कर्ज देतोय, फक्त पासबुकात त्याचं नाव धड लिहिलेलं असावं एवढीच त्याची अट आहे.

सत्कार रद्द करू नकोस, लोक खट्टू होतील. त्याच मांडवात दोन टेबलं लाव: एकावर यूएएन आणि पासबुक, दुसऱ्यावर विमा क्रमांक आणि नियुक्तिपत्र. लॅपटॉप, प्रिंटर, शाई आणि मोबाईल चार्ज करायला वायर ठेव. ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाईलवर येतो आणि ऐन वेळी तो मोबाईल बंद असतो. भाषणं वीस मिनिटांत उरक. कॅन्टीनमधल्या बाईंना रांगेत पहिलं बसव.

पुढच्या रविवारी येशील तेव्हा ठेकेदाराचे मागचे तीन हजेरीपट आणि तिन्ही महिन्यांची फंडाची चलनं घेऊन ये. ठेकेदार "ऑफिसातून घ्या" म्हणेल, ऑफिस "ठेकेदाराकडे आहेत" म्हणेल. दोघांनाही लेखी माग, आणि अर्जाच्या प्रतीवर पोच, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय तिथून हलू नकोस.