शेवटची गाडी चुकली तर रात्र कशी काढावी?

अनोळखी शहरात शेवटची गाडी गेली, पहिली पहाटेची, मग मधले चार-पाच तास काढायचे कुठे, असा तुमचा प्रश्न आहे.

आधी गाडी खरंच संपली का ते बघा. न्यूयॉर्कचा सबवे रात्रभर चालतो. लंडनमध्ये २०१६ पासून शुक्रवार-शनिवारी रात्री काही मार्गांवर मेट्रो असते. बाकी बऱ्याच ठिकाणी रात्री रुळांची दुरुस्ती चालते, त्यामुळे गाड्या बंद. पण त्याच रस्त्याने रात्रीची बस असू शकते.

काहीच नसेल तर मोबाईल वाचवा. हाच खरा आधार. ब्राइटनेस कमी, डेटा बंद, आणि घरच्यांना ठिकाण कळवून मगच व्हिडिओबिडिओ. परतीचा पत्ता कागदावर लिहून खिशात ठेवा, बॅटरी गेली की त्याची किंमत कळते.

स्टेशन बंद होणार असेल तर रस्त्यावर भटकू नका. मोठ्या हॉस्पिटलचा परिसर, चोवीस तास उघडं हॉटेल किंवा विमानतळ, म्हणजे जिथे उजेड आणि माणसं असतील तिथे बसा. बॅगेचा पट्टा पायाला गुंडाळा. पहाटे चारच्या सुमारास अंगातली उष्णता सर्वात कमी असते. थंडी तेव्हाच बोचते. जास्तीचा शर्ट तेव्हासाठी राखा.

टॅक्सी महाग वाटते, पण अडकलेले आणखी कुणी असतील तर भाडं वाटून घ्या. एकट्याने मात्र अनोळखी माणसाच्या गाडीत बसू नका, तो कितीही गोड बोलला तरी.