सायलेन्सरला भोक पडलंय, साडेचार हजार घालायचे का?

प्रश्न: माझी २०१३ ची अ‍ॅक्टिव्हा आहे, रत्नागिरीत राहते, घर ते शाळा आणि येताना बाजार एवढंच फिरणं. हल्ली गाडी फटफट आवाज करते, खाली वाकून बघितलं तर सायलेन्सरला गंजून भोक पडलंय. मेकॅनिक म्हणतो अख्खा बदला, साडेचार हजार होतील. शेजारचे काका म्हणतात वेल्डिंग मारून घे, दोन-तीनशेत काम होतं. गाडी अजून दोनेक वर्षं चालवायची आहे. कुणाचं ऐकू?

उत्तर: ताई, दोघांपैकी कोण बरोबर ते सायलेन्सरच सांगेल. गाडी पूर्ण थंड असताना स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने खालच्या बाजूने ठोकत जा. पत्रा शाबूत असेल तिथे टणटण वाजतो, सडला असेल तिथे भद्द आवाज येतो आणि टोकाने जरा दाबलं की टोक आतच जातं. भोक रुपयाएवढं आणि आजूबाजूला सगळं टणटणीत असेल तर काका बरोबर, खुशाल वेल्डिंग करा. पण खालचा जोडच लांबवर मऊ लागला तर मेकॅनिक बरोबर, कारण पट्टी धरायला चांगला पत्राच उरलेला नसतो, आज पट्टी मारली की थोड्याच दिवसात तिच्या कडेला नवीन भोक.

तुमच्याकडे खारी हवा आहेच, पण खरा घोळ छोट्या फेऱ्यांचा आहे. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास लिटरभर पाणी तयार होतं. लांब गाडी चालवली की सायलेन्सर तापतो आणि ते वाफ होऊन निघून जातं, पण दोन किलोमीटर जाऊन गाडी बंद केली की तेच पाणी आत तळाला साचतं आणि पत्रा आतून खात बसतं. बाहेर भोक दिसतं तेव्हा आतलं काम कधीच झालेलं असतं. म्हणून वरून रंग मारून आतला गंज थांबत नाही, त्यापेक्षा आठवड्यातून एखाद वेळी हातखंब्यापर्यंत जाऊन या.

वेल्डिंग करायचंच ठरलं तर सायलेन्सर गाडीवरून उतरवूनच करून घ्या, सीटखाली पेट्रोलची टाकी आहे, तिथे ठिणग्या नकोत. गॅस वेल्डिंग किंवा सीओटू वेल्डिंगवाला शोधा, साध्या आर्कने पातळ पत्रा जळून भोक आणखी मोठं होतं. सडका भाग कापून टाकायला सांगा आणि मगच पट्टी. पट्टीला जस्ताचा चकचकीत पत्रा नको, त्याचा धूर वेल्डरला बाधतो. आणि एमसील वगैरे लावून भागवायचा विचार मनात असेल तर सोडा, त्या उष्णतेला ते टिकत नाही.

आता खरा खर्च कुठे निघतो ते सांगतो. सायलेन्सर उतरवताना, त्याचा पाइप जिथे इंजिनला लागतो तिथे दोन नट असतात, इतक्या वर्षांत ते गंजून घट्ट बसलेले असणार. घाईने पाना मारला की स्टड, म्हणजे नट ज्यावर बसतो तो आट्यांचा दांडा, तुटतो, इंजिनचं हेड अ‍ॅल्युमिनियमचं, मग ड्रिल मारा, नवे आटे पाडा, लेथवाल्याकडे पळा. २०० चं काम बघता बघता कुठच्या कुठे जातं. त्यामुळे आदल्या रात्रीच नटांवर गंज सोडवायचा स्प्रे मारून ठेवा, आणि खोलताना थोडं सोड, थोडं परत आवळ, असं हळूहळू करायला सांगा. मेकॅनिक हसला तर हसू दे.

प्रश्न: पुण्यात असतो, गाडी हीच. मागचा टायर पंक्चर झाला होता, काढून आणल्यापासून थ्रॉटल सोडला की फटाके फुटतात. सायलेन्सर तर बाहेरून एकदम ठीक दिसतोय, भोक कुठेच नाही. नवा घ्यावा लागेल का?

उत्तर: अजिबात नाही! या गाडीचं मागचं चाक काढायला सायलेन्सर आधी उतरवावा लागतो, आणि पंक्चरवाला बहुतेकदा जुनीच चपटलेली गॅस्केट, म्हणजे पाइप आणि इंजिनचा जोड हवाबंद करणारी रिंग, परत बसवतो. तिथून बाहेरची हवा आत शिरते आणि न जळालेलं पेट्रोल पाइपमध्येच पेटतं, तेच तुमचे फटाके. सकाळी थंड गाडी चालू करून लगेच ओल्या जाड फडक्याने मागचं तोंड दोन-तीन सेकंद दाबून धरा. इंजिन गुदमरायला लागलं तर जोड ठीक, पुढून फुसफुस ऐकू आली तर गॅस्केट गेली. नवीन गॅस्केट अगदी स्वस्तात मिळते, नाना पेठेत कुठेही विचारा, आणि पुढच्या वेळी टायर काढायला जाताना एक खिशात घेऊनच जा.

प्रश्न: बीएस६ स्कूटर आहे, सायलेन्सर ठोकरला. कंपनीचा फार महाग पडतोय. भंगारातला जुना किंवा बाहेरचा मोकळा पाइप लावू का? आवाज पण भारी येतो.

उत्तर: मोकळा पाइप नको रे. कंपनीच्या सायलेन्सरमध्ये धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो, त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, रोडियम असे महागडे धातू, किंमत त्यामुळेच. तो नसला की पीयूसीला अडकशील, शिवाय एक्झॉस्टच्या वाटेवर ऑक्सिजन सेन्सर असतो, त्याचीही गडबड होऊ शकते. आणि तो भारी आवाज मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) मध्ये बसतो, १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, आणि लायसन्स तीन महिने बाद. भंगारातला घेणार असशील तर आत टॉर्च मारून बघ, हलवून बघ, कन्व्हर्टर आधीच काढून विकलेला असतो बऱ्याचदा आणि तुला नुसता डबा मिळतो. बिल देत नसेल त्याच्याकडून घेऊच नको. नुसता चेपला असेल, फुटला नसेल आणि आत काही खडखडत नसेल तर आहे तसाच चालव, दिसायला वाईट, बाकी काही बिघडत नाही.