वाचक विचारतात : होम्सचे पुनरागमन

प्रश्न : ‘द एम्प्टी हाउस’ या कथेत शेरलॉक होम्स जिवंत परततो, याचे तेव्हाच्या वाचकांनी स्वागत केले की त्यांना ती फसवणूक वाटली?

उत्तर : दोन्ही भावना होत्या, मात्र स्वागताचे पारडे जड होते. डिसेंबर १८९३ मध्ये ‘स्ट्रँड’ मासिकात रायशेनबाखच्या धबधब्यापाशी होम्सचा अंत झाला, तेव्हा संतप्त वाचकांनी होम्सचे लेखक आर्थर कॉनन डॉयल यांना पत्रे धाडली आणि अनेकांनी मासिकाची वर्गणीही बंद केली. १९०१ मध्ये क्रमशः सुरू झालेल्या ‘द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स’ या कादंबरीत होम्स पुन्हा दिसला खरा, पण ती हकीकत त्याच्या मृत्यूपूर्वीची असल्याने वाचकांची ओढ अधिकच वाढली, आणि अखेर १९०३ मध्ये तो खरोखर परतला. जपानी कुस्तीचा डाव टाकून आपण धबधब्यापाशी आपला शत्रू मोरियार्टी याच्या मिठीतून सुटलो, हा त्याचा खुलासा मला आजही लंगडा वाटतो. त्याहून खटकते ते वॉटसनसारख्या जिवलग मित्राला त्याने तीन वर्षे अंधारात ठेवणे. तरीही वॉटसनला भोवळ येते तो प्रसंग इतका जिवंत उतरला आहे की तक्रार मागे पडते.

नाराजीचा सूर स्वतः डॉयल यांनीच आत्मचरित्रात नोंदवला आहे : कड्यावरून पडून होम्स मेला नसेलही, पण त्यानंतर तो पूर्वीचा माणूस राहिला नाही, असे कॉर्नवॉलच्या एका नावाड्याने त्यांना ऐकवले होते. पुढच्या काही कथा वाचताना मला हे मत पटते. त्यांतलीच ‘द सेकंड स्टेन’ ही कथा वाचताना मात्र मुळीच पटत नाही.