एकाच वेळी फोनवर चार-चार गोष्टी शोधायची सवय वाईट आहे का? कशी मोडावी?

तुम्ही विचारलंय की हातातलं काम चालू असताना फोनवर चार-पाच गोष्टींची माहिती एकदम शोधत राहता, एकही शेवटपर्यंत वाचून होत नाही आणि घरचे म्हणतात, "एक काय ते धड कर."

हे "एक काय ते धड कर" म्हणणारे कोण असतात ते आधी सांगते. ज्यांची बाकीची तीन कामं दुसरंच कुणीतरी उरकत असतं, ते. रागाने लिहितेय. राग जुना आहे, 8 डिसेंबर 2023 चा.

आम्ही निफाड तालुक्यातले. कांदा, थोडी द्राक्षं, दोन गायी. आमचे मिस्टर आणि सासरे रानात, दीर ट्रॅक्टरवर आणि फोन माझ्याकडे. माझ्याकडे का, तर मी बारावी झालेय आणि इंग्रजी वाचता येतं म्हणून. कांद्याच्या दिवसांत फोन म्हणजे काय, तर लासलगाव मार्केटला काल सरासरी भाव काय निघाला, विंचूरला काय, पिंपळगावला काय. आवक किती. उद्या ढग आहेत का. खळ्यावर मजूर येणार का. पिकअपवाला किती मागतोय. हे सगळं भाजी फोडणीला टाकताना.

बाहेरून बघणाऱ्याला वाटतं बाई दहा ठिकाणी भटकतेय. माझ्या दृष्टीने तो एकच प्रश्न असतो: ट्रॅक्टर कुठे न्यायचा आणि कधी. नुसता भाव बघून काही कळत नाही. एखाद्या मार्केटला कमाल चार हजार दिसते, लोक तीच फॉरवर्ड करतात. पण कमाल भाव एखाद्याच ट्रॉलीला मिळालेला असतो. सरासरी बघायची आणि तिच्या शेजारी आवक बघायची. आवक दुप्पट झाली असेल तर कालची सरासरी आज मिळणार नाही. हवामान बघायचं, कारण लाल कांदा काही उन्हाळ कांदा नाही, चार-पाच महिने चाळीत ठेवायला. तो काढला की थोड्या दिवसांत विकावाच लागतो. या चारही गोष्टी एकमेकींशेजारी ठेवल्या तरच कामाच्या. एक संपवून दुसरी बघायची म्हटलं तर तोवर सकाळचा लिलाव उरकलेला असतो.

आता त्या दिवसाचं. 26 नोव्हेंबरला आमच्याकडे अवकाळी आणि गारपीट झाली होती, तुम्हाला आठवत असेल. द्राक्षं गेली, कांद्याची पात झोपली. जो माल वाचला तो काढून, वाळवून गुरुवारी संध्याकाळी ट्रॉलीत भरला. 24 क्विंटल. शुक्रवारी पहाटे लासलगावला न्यायचा होता.

साडेपाचला मी ओट्यापाशी. एका शेगडीवर दूध, दुसरीवर तवा, फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवलेला. बाजारभावाच्या ग्रुपवर शंभरावर मेसेज. चांदवडला माझं माहेर, तिथून भावाचा आवाजी निरोप: "ताई, निर्यात बंद झाली म्हणतायत, खरं का बघ." शाळेच्या ग्रुपवर डब्याबद्दल काहीतरी. आणि ग्रुपमध्ये लागोपाठ दोन पीडीएफ, दोन्ही इंग्रजी, दोन्ही सरकारी. मी वरची उघडली. तेवढ्यात दूध वर आलं, गॅस बंद केला, परत वळले, 40 टक्के हा आकडा दिसला आणि मी तिथूनच ओरडले, "भाऊजी, निर्यातीवर 40 टक्के लावलेत!"

भाऊजी ट्रॅक्टरवर बसलेलेच होते. म्हणाले, "ते तर ऑगस्टलाच लावलंय की, वहिनी." आणि गेले.

बरोबर होतं त्यांचं. 40 टक्के शुल्क 19 ऑगस्टचं. कुणीतरी जुना कागद पुन्हा टाकला होता. मग मी खालची पीडीएफ उघडली. तीत कांद्याच्या निर्यातीपुढचा 'मुक्त' शब्द जाऊन 'प्रतिबंधित' आला होता. 31 मार्च 2024 पर्यंत. तारीख 7 डिसेंबर, म्हणजे आदल्याच दिवसाची. मी ग्रुपवरच्या फोटोवर भागवलं नाही, विदेश व्यापार महासंचालनालयाच्या साइटवर जाऊन तीच अधिसूचना शोधली. सापडली. भावाला फोन केला, तो म्हणाला, "इकडे पोरं रस्त्यावर उतरायच्या तयारीत आहेत, माल आणू नका."

ट्रॅक्टरच्या आवाजात भाऊजींना फोन ऐकू जात नाही. तिसऱ्यांदा लावला तेव्हा फाट्यावर उचलला. मी म्हटलं, "माघारी फिरा, निर्यातबंदी झालीय, आज लिलाव होत नाहीत." तर म्हणाले, "आत्ता तर 40 टक्के म्हणत होता. एक काय ते धड बघत जा." आणि फोन ठेवला.

पुढचं सगळ्या जिल्ह्याला माहीत आहे. भाव कोसळले, लिलाव बंद पडले, मुंबई-आग्रा महामार्ग अडवला गेला. आमची ट्रॉली ताडपत्रीखाली अडकली आणि दुसऱ्या दिवशी परत आली. गारपिटीतून निघालेला ओलसर माल, त्यात दोन रात्री ट्रॉलीत दाबलेला. ताडपत्री काढली तेव्हा हात घालवत नव्हता इतका तापलेला, तळाच्या कांद्याला काळं पाणी सुटलेलं. मी आणि सासूबाईंनी पडवीत पसरून निवडला. काही दिवसांनी लिलाव सुरू झाल्यावर नेला तर 1,900 ला पुकारला आणि खाली करताना व्यापाऱ्याने वांधा काढला, क्विंटलमागे 200 कापले.

त्या दिवसापासून आमच्या घरात एक वाक्य ठरून गेलंय: वहिनी एकदम चार गोष्टी बघतात म्हणून घोटाळा झाला. लग्नकार्यात पाहुण्यांसमोरसुद्धा ऐकलंय मी ते.

चूक माझी होती, ती मी लपवत नाही. पण ती चार गोष्टी बघितल्याची नव्हती. एक कागद अर्धा सोडून दुधाकडे गेले आणि परत येऊन तारीख न बघता बोलले, ही चूक होती. माझी मुलगी नाशिकला मानसशास्त्र शिकते, तिने मला यावरचा अभ्यास समजावून सांगितला. सोफी लेरॉय नावाच्या संशोधक बाई आहेत, त्यांचा 2009 चा निबंध. एक काम अर्धवट सोडून दुसऱ्यावर गेलं की मनाचा एक तुकडा मागच्या कामातच अडकून राहतो आणि नवं काम कच्चं होतं. ऐकलं आणि ओट्यापाशी उभी असलेली मीच मला दिसले. दुधाकडून कागदाकडे आले, पण अर्धी दुधापाशीच होते.

आणि चार गोष्टी बघितल्या नसत्या तर? भावाचा निरोप ऐकलाच नसता. दोन कागदांतला फरकही कळला नसता. पहिली चूक मला पाच-सात मिनिटांत सापडली ती दुसरी खिडकी उघडी होती म्हणूनच. भाऊजी एकच काम करत होते, ट्रॅक्टर चालवत होते, आणि ते त्यांनी अगदी धड केलं, बंद मार्केटपर्यंत.

त्याच्या अकराच दिवस आधीचं कुणी काढत नाही. गारपीट झाल्यावर विमा कंपनीला 72 तासांत कळवावं लागतं. त्या सोमवारी मी आमच्या, चुलत सासऱ्यांच्या आणि भाऊजींच्या, तिघांच्या गट नंबरांच्या तक्रारी नोंदवल्या. एका बाजूला सातबारा उघडा, एका बाजूला विम्याची पावती, मध्ये बांधावर जाऊन फोटो, मध्येच मजुरांना चहा. भाऊजींना पावतीचा नंबर सुद्धा माहीत नव्हता. तेव्हा कुणी म्हणालं नाही की वहिनी, एकदम तीन तक्रारी करू नका.

तर तुमच्या सवयीबद्दल. मी मोडली नाही, तुम्हीही सगळीच मोडू नका. मी एवढंच केलं की मुलाची जुनी वही ओट्यावर आणून ठेवली, पेन दोरीने खिळ्याला बांधलं. कुठलाही कागद, मेसेज अर्धा सोडून उठायची वेळ आली की दोन गोष्टी लिहायच्या: तारीख कधीची आणि कुठवर वाचलं. "पीडीएफ खालची, 7 डिसें., साइटवर बघायची राहिली." बास. दहा सेकंद लागतात. परत आलं की मनाला शोधाशोध करावी लागत नाही. आणि तारीख लिहून होईपर्यंत तोंड उघडायचं नाही, हे मी स्वतःला लावून घेतलंय.

दुसरं, तुमच्या चार-पाच गोष्टी एकाच निर्णयासाठी आहेत का ते बघा. असतील तर बिनधास्त एकदम उघडा. माझ्या ओट्यावर त्या दिवशी खरी आगंतुक एकच होती, शाळेचा ग्रुप. आता तो सकाळी आठपर्यंत मुका असतो.

भाऊजींच्या बाजूने एक गोष्ट लिहायला हवी. भाव पडला तो बंदीने पडला, माल घरी राहिला असता तरी भाव वाचला नसता. बंदी पुढे 4 मे 2024 पर्यंत उठली नाही, लाल कांदा तोवर कुठे टिकतो. माझं म्हणणं दोन रात्री ट्रॉलीत तापलेल्या मालापुरतं आणि त्या 200 रुपयांपुरतं आहे. 24 क्विंटलचे 4,800 होतात. मी वहीत लिहून ठेवलेत.

आणि हे राहिलंच होतं. फवारणीचं प्रमाण बघताना मात्र मी दुसरं काहीही उघडं ठेवत नाही. 15 लिटरच्या पंपाला किती मिली, हे एकदा चुकलं की प्लॉट जातो, तिथे वही उपयोगाची नाही. ते मी गॅस बंद करून, अंगणात खुर्ची टाकून, मोठ्याने दोनदा वाचते. भाऊजी पंप भरताना शेजारी उभे असतात, मी वाचते तसंच मोजतात. तेव्हा एकदाही उलटून बोललेले नाहीत.