इन्फरन्समध्ये सगळं शोधून झालंय का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: 'संख्याशास्त्रात एम.एस्सी. करतोय. स्टॅटिस्टिकल इन्फरन्सच्या (नमुन्यावरून सगळ्या समूहाबद्दल अनुमान काढण्याच्या) पद्धतींवर संशोधन करणारी माणसं दिवसभर नेमकं करतात काय? टी-टेस्ट, एमएलई (मॅक्सिमम लाइकलिहूड एस्टिमेट), कॉन्फिडन्स इंटरव्हल हे सगळं केव्हाच शोधून झालंय. मग यात करिअर कसलं?'

याच विषयात माझी वीसेक वर्षं गेली. एम.एस्सी.ला असताना मीही हेच म्हणायचे, त्यामुळे तुम्हाला हसणार नाही. 'स्टुडंट' या टोपणनावाने गॉसेटचा टी-टेस्टचा पेपर आला १९०८ साली. लाइकलिहूड, सफिशियन्सी या पायाभूत कल्पना फिशरने १९२२ मध्ये एकत्र मांडल्या. नेमन-पिअर्सन लेमा १९३३ चा, सी. आर. राव यांचा तो प्रसिद्ध पेपर १९४५ चा. अभ्यासक्रम तिथेच कुठेतरी संपतो, आणि परीक्षेत सूत्र लिहून आकडे घातले की मार्क मिळतात. मग वाटणारच की झालं सगळं.

रावांचीच गोष्ट सांगते. ते तेव्हा ऐन विशीत होते आणि कोलकात्यात एम.ए.च्या वर्गाला शिकवत होते. विषय होता फिशरचा निष्कर्ष: नमुना खूप मोठा असेल तर आकलकाचं (नमुन्यावरून खऱ्या आकड्याचा अंदाज बांधणाऱ्या सूत्राचं) व्हेरियन्स, म्हणजे त्याचा चढउतार, एका मर्यादेच्या खाली जात नाही. एका विद्यार्थ्याने विचारलं, नमुना लहान असेल तर? राव घरी गेले, रात्रभर त्यावर बसले आणि दुसऱ्या दिवशी लहान नमुन्यासाठीची सिद्धता घेऊनच वर्गात आले. तीच आज आपण पाठ करतो ती क्रामर-राव असमानता. तो विद्यार्थी म्हणजे पुढे अर्थशास्त्रज्ञ म्हणून आपल्याला माहीत झालेले वि. म. दांडेकर. रावांचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं, प्रश्न कोणी विचारला ते कुणी सांगत नाही, म्हणून मुद्दाम लिहिलं. आमचं बरंचसं काम म्हणजे दांडेकरांच्या त्या प्रश्नाचीच वेगवेगळी रूपं. पुस्तक म्हणतं 'एन (नमुन्यातल्या निरीक्षणांची संख्या) अनंताकडे जातो', आणि माझ्या हातात तर दहाच निरीक्षणं आहेत. आता?

दहाच घेऊन बघू. एका गोष्टीचं खरं प्रमाण १० टक्के आहे, पण ते आपल्याला माहीत नाही. दहा निरीक्षणं घेतली, त्यांत ती गोष्ट किती वेळा दिसली ते मोजलं आणि पुस्तकातल्या सूत्राने ९५ टक्क्यांचा कॉन्फिडन्स इंटरव्हल काढला, म्हणजे शंभरातल्या ९५ वेळा खरं प्रमाण ज्यात सापडावं असा पट्टा: नमुन्यातलं प्रमाण, अधिक-उणे १.९६ गुणिले स्टँडर्ड एरर (नमुन्यागणिक ते प्रमाण साधारण किती हलतं त्याचं माप). आता दहाही वेळा ती गोष्ट दिसलीच नाही तर? प्रमाण शून्य, स्टँडर्ड एररही शून्य, म्हणून इंटरव्हल शून्यापासून शून्यापर्यंत! दहा निरीक्षणांच्या जोरावर सूत्र छातीठोकपणे सांगतं की ही गोष्ट जगात घडतच नाही. असं होण्याची शक्यता ०.९ चा दहावा घात, म्हणजे जवळपास ३५ टक्के. १ ते ४ वेळा दिसली तर इंटरव्हलमध्ये खरं प्रमाण सापडतं. ५ किंवा जास्त वेळा दिसली तर पुन्हा निसटतं, पण ते क्वचितच होतं. सगळी बेरीज केली की ज्या इंटरव्हलने ९५ टक्क्यांचा शब्द दिला होता, तो खऱ्या आकड्याला धरून ठेवतो फक्त ६५ टक्के वेळा.

याला संगणकही लागत नाही, पाठकोऱ्या कागदावर होतं. मला मात्र हे कळलं एम.एस्सी. होऊन दोन वर्षं उलटल्यावर. राग आला होता तेव्हा, कुणावर ते आता आठवत नाही.

खरी गंमत पुढे आहे. याहून चांगला इंटरव्हल विल्सनने १९२७ मध्येच दिला होता. त्याने प्रश्न उलटा धरला. नमुन्यातल्या प्रमाणावरून स्टँडर्ड एरर काढायचाच नाही. खरं प्रमाण अमुक असतं तर आपला नमुना फार विचित्र वाटला असता का, हे एकेका 'अमुक'ला विचारायचं, आणि जे जे 'नाही' म्हणतील ते सगळे इंटरव्हलमध्ये ठेवायचे. वर्गसमीकरण सोडवलं की झालं. वरच्याच उदाहरणात हा ९३ टक्क्यांपर्यंत पोचतो. तरी पुढची कित्येक दशकं पुस्तकांत पहिलंच सूत्र छापलं जात राहिलं, सोबत 'नमुना पुरेसा मोठा असावा' एवढी तळटीप. २००१ मध्ये ब्राउन, त्साय (Cai) आणि दासगुप्ता यांनी सविस्तर दाखवून दिलं की नमुना मोठा असला तरी हे सूत्र भरवशाचं नाही. पहिल्या वर्षाला शिकवतात त्या सूत्रावर २००१ मध्ये पेपर! 'शोधून झालंय'चा हिशेब हा असा आहे.

माझ्या पीएचडीचा विषय बूटस्ट्रॅप. एफ्रॉनचा १९७९ चा पेपर वाचला आणि मी भारावून गेले. हातात असलेल्या नमुन्यालाच जग मानायचं, त्यातून परत टाकत टाकत तेवढीच निरीक्षणं पुन्हा उचलायची, हे हजारो वेळा करायचं, आणि आपला आकलक किती हलतो ते बघायचं. सूत्र पाठ करायची भानगडच नाही. गाईडना म्हटलं, हे तर सगळीकडे चालेल. ते म्हणाले, "चालेल की. नमुन्यातल्या सर्वांत मोठ्या आकड्यावर लावून बघ."

लावलं. हिस्टोग्राम यायला हवा होता, आला एकच उंच खांब आणि बाजूला थोडा चुरा. दर शंभरातल्या सुमारे ६३ वेळा बूटस्ट्रॅपचा सर्वांत मोठा आकडा मूळ नमुन्यातल्या सर्वांत मोठ्या आकड्याइतकाच. मला वाटलं कोड चुकलंय. तीन दिवस तेच तपासत बसले, रँडम नंबरचं सीड बदललं, प्रोग्रॅम पहिल्यापासून लिहिला. खांब जागचा हलेना. चौथ्या दिवशी कागद घेतला. नमुन्यातला सर्वांत मोठा आकडा एका उचलीत न येण्याची शक्यता १ वजा १/एन, एन उचलींत एकदाही न येण्याची तिचा एनावा घात, आणि हा घात एन वाढला की १/ई कडे (ई म्हणजे २.७१८…) जातो. म्हणजे तो आकडा येण्याची शक्यता ६३.२ टक्के. नमुना कितीही वाढवला तरी खांब तसाच राहणार. कोड बरोबर होतं, पद्धतच तिथे चालत नव्हती. बिकेल आणि फ्रीडमन यांनी हे १९८१ मध्येच लिहून ठेवलं होतं, गाईडना पाठ होतं, आणि तीन दिवस त्यांनी चकार शब्द काढला नाही. आता माझ्या विद्यार्थ्यांसमोर मीही काढत नाही.

यावर एक उपाय आहे: एन ऐवजी कमी, एम निरीक्षणं उचलायची. पण किती कमी? एम फार लहान घेतला तर माहिती वाया जाते, मोठा घेतला तर खांब परत येतो. डेटा बघून एम कसा ठरवायचा, आणि तसा ठरवल्यावर ९५ चे ९५ राहतात का, अशा प्रश्नांत माझी नोकरीची पहिली सात-आठ वर्षं गेली.

दिवसभर काय करतो, तर बऱ्याच दिवशी काहीच होत नाही. एखादी असमानता सुटत नाही, मग सिम्युलेशन (संगणकावर नकली डेटा पुन्हा पुन्हा बनवून पद्धत तपासणं) लावून चहाला जायचं. सिम्युलेशन दहा हजार वेळा केलं तर ९५ टक्क्यांच्या आकड्यात स्वतःचाच ०.२ टक्क्याचा स्टँडर्ड एरर असतो, हजार वेळा केलं तर ०.७ चा. पेपर तपासायला येतात तेव्हा मी पहिल्यांदा हेच बघते. हजार वेळा करून 'आमची पद्धत ९५.१, त्यांची ९४.३' म्हणून नाचणारे पेपर ढिगाने येतात. संख्याशास्त्रज्ञांनीच नमुन्याचा आकार विसरावा, आता काय बोलायचं! आपला पेपर पाठवला की रेफ्रींचं उत्तर यायला काही महिने सहज जातात. त्या काळात चिडचिड होते, याची तयारी ठेवा.

आता सध्या काय चाललंय ते. सगळ्यात जिवंत भाग मला वाटतो तो डेटा बघून प्रश्न ठरवण्याचा. जुन्या सिद्धांतात प्रश्न आधी ठरतो आणि डेटा नंतर येतो. आज बऱ्याचदा तसं होत नाही. वीस व्हेरिएबल घ्या, सगळी निव्वळ गोंगाट. प्रत्येकाची ५ टक्क्यांवर (म्हणजे काहीच नसताना 'काहीतरी आहे' म्हणण्याची शक्यता ५ टक्के ठेवून) स्वतंत्र चाचणी केली तर निदान एक तरी 'सिग्निफिकंट' निघण्याची शक्यता ६४ टक्के. (६५, ६३, ६४: हा शुद्ध योगायोग आहे, त्यात अर्थ शोधू नका. शोधावासा वाटला असेल तर मी काय म्हणतेय ते तुम्हाला कळलं.) हजारो चाचण्या एकदम करायच्या तर खोटे शोध किती टक्के चालवून घ्यायचे, याचा बेंजामिनी-हॉखबर्ग यांचा १९९५ चा पेपर आज सगळीकडे वापरात आहे. पण आधी डेटावरूनच मॉडेल निवडलं आणि मग त्याच डेटावर पी-व्हॅल्यू (खरं काहीच नसताना निदान एवढा टोकाचा निकाल दिसण्याची शक्यता) काढली, तर त्या पी-व्हॅल्यूचा अर्थ काय, यावर अजून जोरात काम चालू आहे.

दुसरा भाग रोज डोकावण्याचा. कंपन्यांत ए-बी टेस्ट (दोन पर्यायांपैकी कोणता सरस ते बघणारी चाचणी) चालते आणि मॅनेजर रोज सकाळी पी-व्हॅल्यू बघतो, ०.०५ खाली गेली की 'थांबवा, जिंकलो'. असं डोकावत राहिलं की चुकीच्या निष्कर्षांचा दर ५ टक्क्यांवर राहत नाही, बराच वर जातो. केव्हाही बघितलं तरी खरे राहतील असे इंटरव्हल डार्लिंग आणि रॉबिन्स यांनी १९६७ मध्ये मांडले होते. बराच काळ त्यांच्याकडे फारसं कुणी वळून पाहिलं नाही, आता त्याच कल्पनेवर भराभर पेपर येताहेत आणि नोकऱ्याही मिळताहेत. औषधांच्या चाचण्यांत तर असे लोक लागतातच. तेव्हा पोटापाण्याची काळजी करू नका. काळजी करायची तर मेझर थिअरीची (संभाव्यतेच्या गणिती पायाची) करा, ती टाळून इथे फार पुढे जाता येत नाही. आणि कोडिंग आजच सुरू करा, पीएचडीपर्यंत थांबू नका.

सुरुवात वरच्या पुस्तकी सूत्रानेच करा. निरीक्षणं १०० घ्या. खरं प्रमाण ०.१०६ असेल तर इंटरव्हल ९५.२ टक्के वेळा बरोबर निघतो. ०.१०७ केलं की ९१.१. प्रमाण एक हजारांशाने हललं आणि चार टक्के गळाले. ० ते १०० यांपैकी कोणता एक आकडा मधल्या मध्ये सुटला, तो शोधून काढा. कॅल्क्युलेटर पुरेल.